गव्हाण भरत का नव्हती

बांध निम्मा चालून झाल्यावर चेची थांबली. चपला काढून हातात घेतल्या, मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "विमले, तुमच्याकडचे उंदीर पेंढा खातात का गं?"

"खात नाहीत. बिळात नेतात, अंथरायला."

"एका दिवसात किती काड्या नेतील?"

"मला काय विचारतेस? मला काय उंदराच्या घरी दिलीय?"

ती हसली नाही. चेची विनोदावर हसली नाही म्हणजे मनात काहीतरी सलतंय, एवढं सत्तावीस वर्षांच्या शेजारानं मला कळतं. ती पुढं चालायला लागली. मी मागं. बांधाच्या दोन्ही अंगाला पाणी होतं. पंप लावून शेतातलं पाणी कालव्यात उपसणं चालू होतं आणि जिथं चिखल उघडा पडला होता तिथं बायका वाकून रोपं लावत होत्या. त्यांच्या मागं बगळे, जणू मुकादम असल्यासारखे.

आम्ही पेंढा आणायला निघालो होतो, तिच्या मामेभावाकडं. वारुण्णीकडं दोन गाई आहेत, त्याच्या अंगणात भाताच्या पेंढ्याची गंजी असते. दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघी चालत जातो, एक छोटी पेंढी डोक्यावर घेऊन चालत येतो. जायला दीड तास, यायला दोन. रिक्षा थेट वारुण्णीच्या दारात जाते. पण तिच्या आईचा दंडक होता, नाताळचा पेंढा पायांनी आणायचा. त्या वर्षीही तीस तारखेला आम्ही जाऊन आलो होतो. आणि आता डिसेंबरची सतरा तारीख, आम्ही पुन्हा त्याच बांधावर. असं कधी झालं नव्हतं.

तिचं पूर्ण नाव कोच्चुत्रेस्या. त्रिशूरच्या बाजूला ख्रिस्ती घरांत हे नाव जुन्या बायकांत सापडतं. मी तिला पहिल्या दिवसापासून चेची म्हणते, म्हणजे थोरली बहीण. मी विट्याची. आमच्याकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्यापायी कुठल्या कुठं जाऊन राहतात, तशी मी लग्न होऊन बाविसाव्या वर्षी इथं आले. नवरा सकाळी दुकानात जायचा, भट्टीसमोर बसायचा, आणि मी एका खोलीत माझे देव आणि एक स्टोव्ह घेऊन बसायची. भाषेचा एक शब्द येत नव्हता. घराचं मागचं अंगण आणि चेचीचं अंगण एकच, मध्ये फक्त विहीर.

चेची तेव्हा कौलांच्या कारखान्यात कामाला होती. तिचं काम ऐकायचं. भट्टीतून निघालेलं प्रत्येक कौल डाव्या हातावर घ्यायचं आणि उजव्या हातातल्या लाकडी दांडक्यानं हलकेच ठोकायचं. चांगलं कौल ठण्ण वाजतं. आत तडा असेल, डोळ्याला दिसतही नसेल, तर ठप्प. तेवीस वर्षं तिनं हे केलं. कारखाना बंद पडला पण सवय गेली नाही. नारळ, फणस, मडकं, दार, सगळं ठोकून बघते. माणसांनासुद्धा. मुलगा म्हणाला, "अम्मा, मी अभ्यास केला," की ही मान कलती करून म्हणायची, "ठप्प." आणि तो गुपचूप वह्या काढायचा.

माझ्या पहिल्या डिसेंबरात मी विहिरीवर धुणं धूत होते आणि तिचा धाकटा दारात टांगलेल्या पेंढीतून एक काडी उपसून इकडंतिकडं बघत आत पळाला. थोड्या वेळानं दुसरा. मग मुलगी. प्रत्येक जण चोरासारखा. मला कळेना, घरात गाय नाही, बकरी नाही, ही पोरं काड्या कुठं नेतात? मी खुणेनं विचारलं. तिनं मला हाताला धरून आत नेलं.

देवाच्या तसबिरीखाली फणसाच्या लाकडाची हातभर गव्हाण होती. तिच्या नवऱ्यानं, पोरिंजूचेट्टननं केलेली. तळाला काही काड्या, बाकी मोकळी. मग तिनं हातवारे करून आणि नंतर दोन-तीन वर्षांत हळूहळू शब्दांनी मला सगळं सांगितलं. एक डिसेंबरला गव्हाण रिकामी ठेवायची. त्या दिवसापासून पंचवीस दिवसांचा उपास, घरात मासमच्छी नाही, अंडं नाही. पोरांचा उपास वेगळा. कुणी आपल्या वाटचं काही दुसऱ्याला दिलं, राग गिळला, न सांगता कुणाचं काम केलं, की त्यानं एक काडी घ्यायची आणि गव्हाणीत ठेवायची. काय केलं ते कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की काडी परत. चोवीस तारखेपर्यंत गव्हाण मऊ भरली पाहिजे, कारण त्यावर बाळ येशूला निजवायचं असतं. आणि शेवटचं वाक्य तिच्या आईचं, "गव्हाण भरल्याशिवाय बाळ येत नाही."

"आणि पोरं खोटं करत नाहीत?" मी पुढं एकदा विचारलं होतं.

"करतात की! मधल्यानं एकदा पन्नास काड्या एकदम कोंबल्या. म्हणाला, धाकट्याला आज पन्नास वेळा मारावंसं वाटलं आणि मारलं नाही."

"मग?"

"मग काय, धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, एकावन्नाव्या वेळी मारलं."

आमच्या उपासाची ती फार टर उडवते. "तुझी ती एकादशी! साबुदाणा, तूप, शेंगदाणे, वर केळं. असा उपास असेल तर मी वर्षभर धरते बाई." मी म्हणते, "आणि तुझं काय, पंचवीस दिवस मासे नाहीत, पण वाट बघतेस त्या मटणाचीच." त्यावर ती नाक मुरडून गप्प बसते, कारण ते खरं आहे.

तर त्या वर्षीची गोष्ट. तिची मुलगी जिन्सी आयर्लंडला नर्स आहे. ती नोव्हेंबरात दोन पोरी घेऊन आली. नवऱ्याची नोकरी दुसऱ्या देशात, हिच्या कामाच्या पाळ्या बदललेल्या. म्हणून वर्षभर पोरींना अम्मामाकडं ठेवायचं असं ठरलं होतं. अम्मामा म्हणजे इथं आजी. सत्तावीस डिसेंबरला जिन्सीचं विमान. थोरली एव्हलिन सहा वर्षांची, धाकटी मिन्नू साडेतीन. मिन्नू गव्हाणीत हाताला लागेल ते टाकायची. चमचा, केळ्याचं साल, एकदा आजीचा चष्मा. एव्हलिन मात्र विचारायची. तिचे प्रश्न ऐकून मला मजा वाटायची. काडी किती लांब पाहिजे? चांगलं काम विसरलं तर चालतं का? बाळाला कसं कळतं की भरली? मांजराला दूध दिलं तर एक काडी का दोन? चेची उत्तरं देऊन दमायची, पण आतून फुलायची. मला म्हणाली, "बघ, ही धरेल. हिच्या हाताला काहीतरी लागेल, मग तिची आई गेली तरी चालेल."

आणि तीच गव्हाण भरेना.

"अख्खी पेंढी संपली, विमले," बांधावर ती सांगत होती. "सोळा दिवसांत. पोरी रोज काड्या घेतात, मी बघते ना. जिन्सीपण घालते, मीपण. आणि गव्हाणीत बघावं तर तळ दिसतोय. मी मांजर बाहेर ठेवलं, बिळं बुजवली. मिन्नूच्या उशीखाली बघितलं, तिथं दोन बटणं आणि एक बिस्कीट निघालं."

"एव्हलिनला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, उंदीर असेल, अम्मामा."

"वाजलं कसं?"

चेचीनं चपला या हातातून त्या हातात घेतल्या. मग म्हणाली, "ठप्प वाजलं. पण आता माझे कानच म्हातारे झाले असतील. एवढी चांगली पोर, ती कशाला काढेल? ठेवणारीपण तीच आहे."

मी बांधावर थांबले. पायाखाली चिखल होता म्हणून नाही. आठ-दहा दिवस झाले, सकाळी देव आंघोळीला घेताना पितळी तबकातल्या माझ्या रांगत्या बाळकृष्णाच्या खाली काड्या सापडत होत्या. कधी पाच, कधी पंधरा. पिवळ्या, कोरड्या भाताच्या काड्या. मी म्हटलं, चिमणी घरटं करत असेल, मागचं दार दुपारी उघडंच असतं. देवाच्या जागी आलेली वस्तू पायदळी नको म्हणून मी त्या निर्माल्याच्या टोपलीत टाकत होते.

"काय गं, काटा लागला?" चेची पुढून ओरडली.

"नाही. आले."

मी तिला तेव्हा सांगितलं नाही. मला खात्री नव्हती, हे एक. आणि दुसरं, कुणीतरी माझ्या देवाखाली काहीतरी लपवलं होतं. ते कुणी आणि का, हे कळल्याशिवाय माझ्या तोंडून बाहेर पडावं असं मला वाटेना.

वारुण्णीनं पेंढी बांधून देताना थट्टा केलीच. "यंदा येशूबाळ जुळी आहेत का काय, पेंढा डबल लागतोय?" चेची म्हणाली, "तू गप बस. तुझ्या गाईंना विचार, त्या तुझ्यापेक्षा जास्त धर्म जाणतात." पण परत येताना पेंढी डोक्यावर घेऊन ती भराभरा पुढं चालली. निम्म्या वाटेत आम्ही पंपघराच्या पायरीवर बसलो, तेव्हा ती आपणहून बोलली.

"जिन्सी म्हणते, तिकडं पोरांना एक कॅलेंडर देतात. रोज एक छोटी खिडकी उघडायची, आत चॉकलेट. पंचवीस दिवस. पोरींना त्या चॉकलेटचीच सवय आहे, अम्मा, तू काडीचं मनाला लावून घेऊ नकोस म्हणाली."

"मग नको लावून घेऊ."

"पोरिंजू गेला त्या वर्षीसुद्धा भरली होती गव्हाण. कारखाना बंद पडला त्या वर्षी भरली. चाळीस वर्षांत एकदाही रिकाम्या लाकडावर बाळ ठेवलं नाही मी." ती पायरीच्या दगडावर बोटानं ठोकत होती. "पोरींना देण्यासारखं माझ्याकडं दुसरं काय आहे, तू सांग. इंग्रजी येत नाही. ते खेळ येत नाहीत. हे एक येतं. सत्तावीसला त्यांची आई जाणार. त्याच्या आत हे त्यांच्यात रुजलं नाही, तर मी वर्षभर कशाच्या जोरावर त्यांना सांभाळू?"

मी पेंढी तिच्या डोक्यावर चढवून दिली आणि आम्ही चालायला लागलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवण उरकून नेहमीसारखी आडवी झाले, पण झोपले नाही. नवरा रोज सांगतो, "आपला धंदा सोन्याचा आणि तू मागचं दार उघडं टाकून झोपतेस." त्या दिवशीही मी ते उघडंच ठेवलं. अडीचच्या सुमाराला फरशीवर अनवाणी पाय वाजले. एव्हलिन आली. फ्रॉकच्या खिशातून तीन काड्या काढल्या. देव्हाऱ्यासमोर गुडघे टेकून आधी छातीवर क्रूस काढला, बहुतेक सवयीनं, मग बाळकृष्णाला दोन्ही हातांनी उचललं.

"त्याला पाडू नकोस हं," मी पडल्या पडल्या म्हणाले.

ती दचकली, पण मूर्ती सोडली नाही. छातीशी धरली. "आंटी, तुम्ही झोपलेल्या होता ना?"

"होते. आता उठले. ये इकडं. त्यालापण आण."

ती आली. माझ्या शेजारी बसली. बाळकृष्ण मांडीवर. काड्या मुठीत.

"अम्मामाला सांगणार?"

"आधी मला सांग. मला काही कळेना झालंय. मी चिमणीला बोल लावत होते इतके दिवस."

तिनं जरा विचार केला. "गव्हाण भरली की बाळ येणार ना?"

"असं अम्मामा म्हणते."

"बाळ आलं की नाताळ. नाताळ झाला की अम्मा जाणार." तिनं मुठीतल्या काड्या दाखवल्या. "म्हणून मी ठेवते. आणि मग काढते."

"ठेवतेस कशाला मग?"

"चांगलं काम केलेलं असतं ना! ते तर ठेवायला पाहिजे." माझ्या मूर्खपणाचं तिला आश्चर्य वाटलं असावं. "पण भरायला नको."

"आणि माझ्या देवाखाली का?"

तिनं बाळकृष्णाच्या पाठीवरून बोट फिरवलं. "हे बाळ आधीच आलंय. इथं कितीपण काड्या टाकल्या तरी काही होत नाही."

एवढा हिशोब मला आयुष्यात कधी मांडता आला नाही. हसावं का डोळे पुसावेत ते कळेना. मी म्हटलं, "आणि काड्या चुलीत नाही टाकल्यास?"

"त्या चांगल्या कामाच्या आहेत, आंटी," ती म्हणाली.

संध्याकाळी चेची विहिरीवर भांडी घासत होती. मी शेजारी बसून तिला सगळं सांगितलं. पोरीशी बेइमानी होते असं एकीकडं वाटत होतं. पण तिला मी "सांगणार नाही" असा शब्द दिला नव्हता. "अम्मामाला रागावू नको म्हणून सांगेन" एवढंच म्हटलं होतं. त्यावर तिनं मान हलवली होती.

चेचीच्या हातातला राखेचा चोथा तसाच राहिला. "नाताळ येऊ नये म्हणून?"

"आई जाऊ नये म्हणून."

"माझ्या घरात, उपासाच्या दिवसांत, एक पोर देवाकडं मागतेय की तू येऊ नकोस." तिनं तांब्या उपडा केला आणि वर बोटानं ठोकलं. एकदा, दोनदा. "आणि मीच शिकवलं तिला. गव्हाण भरल्याशिवाय बाळ येत नाही. आम्ही सात भावंडं, आळशी, म्हणून आई म्हणायची ते. आम्ही घाई करायचो. माझ्या पोरांनीपण घाई केली. कुणाला येऊ नये असं वाटलंच नाही कधी, म्हणून कळलं नाही. विमले, हे वाक्य पहिल्यापासून ठप्पच होतं. मी कौलं ऐकली, हे नाही ऐकलं."

"अगं, पोरांना सांगायची गोष्ट ती."

"पोरांना सांगायची म्हणून तर खरी पाहिजे."

ती उठली. मला वाटलं आता जिन्सीला सांगेल, रडारड होईल. तसं काही केलं नाही. भांडी पालथी घातली, हातपाय धुतले, आणि म्हणाली, "सात वाजता ये. उंबऱ्यात बसलीस तरी चालेल."

त्यांच्या घरी रोज सात वाजता प्रार्थना असते. मी कधी कधी जाते, आपली जपमाळ घेऊन बसते. कुणी काही म्हणत नाही. त्या दिवशी प्रार्थना संपल्यावर चेचीनं गव्हाण उचलून मध्ये, चटईवर ठेवली. तळाला मोजून दहा-बारा काड्या असतील. जिन्सी मिन्नूला मांडीवर घेऊन बसली होती. एव्हलिन माझ्याकडं बघत नव्हती.

"मी एक गोष्ट चुकीची सांगितली होती," चेची म्हणाली. "ती दुरुस्त करायचीय. मी म्हटलं होतं, गव्हाण भरल्याशिवाय बाळ येत नाही. ते खोटं आहे."

"अम्मा?" जिन्सीनं मान वर केली. तीही याच वाक्यावर वाढलेली.

"थांब तू. बाळ पंचवीसला येणार. भरलेली असली तरी येणार, रिकामी असली तरी येणार. पहिल्यांदा आला तेव्हा त्याला कोण विचारत होतं? कुणी जागासुद्धा दिली नव्हती, तरी आला. आपण पेंढा ठेवतो तो त्याला बोलवायला नाही. आल्यावर त्याला लाकूड टोचू नये म्हणून ठेवतो. एवढंच."

मिन्नूनं गव्हाणीतली एक काडी काढून तोंडात घातली, जिन्सीनं ती ओढून घेतली.

एव्हलिननं विचारलं, "काड्या काढून टाकल्या तरी येणार?"

"तरी येणार."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"आणि अम्माचं विमान?"

चेचीचं बोट गव्हाणीच्या काठावर ठोकायला गेलं आणि थांबलं. मला दिसलं. "ते पण येणार, मोळे. भरलेली असली तरी, रिकामी असली तरी." मोळे म्हणजे लेकी.

तेव्हा पोर रडली. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, सहा वर्षांचं मूल रडतं तसं. जिन्सीला आधी काही कळेना. मग कळलं. तिनं मिन्नूला माझ्याकडं दिलं आणि थोरलीला पोटाशी धरून पदर तोंडावर घेतला. चेची मध्ये पडली नाही. गव्हाण परत तसबिरीखाली ठेवून आली आणि म्हणाली, "कांजी गार होतेय." पण कुणाला उठवलं नाही तिनं.

पुढचे तीन दिवस एव्हलिननं एकही काडी ठेवली नाही, काढलीही नाही. चेचीनं तिला एका शब्दानं विचारलं नाही. नवी पेंढी दारात लटकत राहिली. चेची स्वतः एक ठेवायची, जिन्सी एक. माझा नवरा म्हणाला, "तुझ्या चेचीचा देव यंदा लाकडावरच झोपणार बहुतेक." मी म्हटलं, "तुम्ही सोनं गाळा."

बावीस तारखेला सकाळी पोर माझ्या दारात आली. दिवसाढवळ्या, पुढच्या दारानं. "आंटी, माझ्या काड्या कुठंयत?"

मी निर्माल्याची टोपली काढली. वाळक्या झेंडूत, तुळशीत काड्या गुंतलेल्या. आम्ही दोघींनी जमिनीवर बसून एकेक वेगळी केली. काहींना कुंकू लागलं होतं. तिनं विचारलं, "हे चालेल का आमच्या बाळाला?" मी म्हटलं, "अम्मामाला विचार." तिनं पुसायचा प्रयत्न केला, गेलं नाही. एक काडी तिनं बाजूला ठेवली, बाळकृष्णाला उचललं आणि ती त्याच्या खाली सरकवली.

"ही कशाला?"

"त्यालापण पितळ टोचत असेल ना!"

तिनं बाकीच्या नेल्या. तिकडं अंगणात चेचीनं हातात घेऊन बघितल्या. कुंकवाचा डाग बघून हसली, आणि म्हणाली, "हा तर शेजारणीकडचा आहेर." चोवीसला दुपारी गव्हाण भरली का, असं मला कुणी विचारलं तर मी खरं सांगेन. काठापर्यंत नाही. एका कोपऱ्यात लाकूड दिसत होतं. चेचीनं बाळाला त्याच कोपऱ्याकडं पाय करून निजवलं. तिला ते खटकलं का, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडून आमच्याकडं केक आला, आमच्याकडून करंज्या गेल्या, आणि चेचीनं पंचवीस दिवसांनी मटणाचा पहिला घास घेताना डोळे मिटले ते मी खिडकीतून बघितलं.

सव्वीसला संध्याकाळी जिन्सी बॅगा भरत होती. आतून कुलपांचा, चेनचा आवाज येत होता. चेची विहिरीवर आली, पाणी न काढता कठड्यावर बसली. मी पण बसले. तिनं कठडा बोटानं ठोकला आणि काही वेळ ऐकत राहिली.

"एव्हलिन झोपली?" मी विचारलं.

"आईच्या बॅगेवर झोपलीय. उठवलं नाही." मग ती म्हणाली, "उद्यापासून मी तिला सांभाळीन. जेवण, शाळा, ताप आला तर ताप, सगळं माझ्यावर. पण काही गोष्टी ती माझ्याकडं आणणार नाही. मी तिची अम्मामा. माझ्यासमोर ती शहाणी वागेल."

"वागेल थोडे दिवस."

"म्हणून तुला सांगायचंय. तुझा नवरा रागावेल, पण ऐक. दुपारी मागचं दार लोटून ठेव, कडी घालू नकोस. तू झोपेत असल्यासारखी पडून राहा. आणि सकाळी तुझ्या बाळाखाली काही सापडलं, काडी असो, काही असो, तर टोपलीत टाकू नकोस. मला पण सांगू नकोस. असू दे तिथंच."